युरोपची बॅग पैठणात भरताना

हजची बॅग कशी भरावी हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मोहल्ल्यातून कुणी हजला निघालं की आधी जाऊन आलेले हाजीसाहेब स्वतःहून येतात आणि एहरामच्या चादरी किती घ्याव्यात, कमरेचा पट्टा कसा असावा, पुरुषांच्या पायाचं वरचं हाड उघडं राहील अशी चप्पल कोणती, हे सगळं बोटांवर मोजून सांगतात. युरोपच्या बॅगेबद्दल सांगणारं असं कुणी नाही. मुलगा जर्मनीत नोकरीला लागला, मुलगी नेदरलँड्सला शिकायला गेली, म्हणून आता पैठणसारख्या गावांतले निवृत्त आईवडीलही एप्रिल-मेमध्ये तिकडे जाऊ लागले आहेत. काही जण टूरबरोबर बारा-पंधरा दिवसांत चार-पाच देश पाहून येतात. त्यांना सल्ला मिळतो तो दुकानदाराचा, आणि दुकानदार बर्फात घालायचे कपडे दाखवतो.

एप्रिलअखेर पैठणला पारा चाळिशीवर असतो. त्याच दिवसांत पॅरिसला दुपारी साधारण 16-17 अंश आणि पहाटे 7-8 अंश असतात. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या कडक पहाटेइतकंच हे झालं. फरक एवढाच की तिथे दुपारीही ऊब येईलच असं नाही, आणि वारा-पाऊस न सांगता येतो. त्यामुळे एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा कांद्याच्या पापुद्र्यासारखे कपडे अंगावर असावेत. आत अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर नेहमीचा सलवार-कमीज किंवा कुर्ता-पायजमा, मग लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं हलकं जाकीट. थर्मलचे दोन जोड आणि दोन स्वेटर पुरतात. टूरमध्ये स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख असेल, तर ते 3454 मीटर उंचीवर आहे आणि तिथे एप्रिलमध्येही बर्फच असतो. त्या एका दिवसासाठी हातमोजे आणि कान झाकणारी टोपी पुरे. एका दिवसासाठी हजारो रुपयांचा कोट घेऊन तो पुढची दहा वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवण्यात काय हशील?

जाकीट मात्र एक माप मोठं घ्यावं, कारण आपल्या कुर्त्याचा आणि कमीजचा घेर आत मावायला हवा. बुरखा किंवा अबाया घालणाऱ्या भगिनींनी ऊबदार कपडे आत घालावेत, म्हणजे बाहेरून काही बदलत नाही. अबायाची खालची कड बुटापासून दोन बोटं वर असावी. विमानतळावर आणि मेट्रोत सरकते जिने जागोजागी असतात, त्यांत घोळदार कड अडकते. पाऊस पडला की तीच कड चिखल ओढत हॉटेलपर्यंत येते. शिंप्याकडे जाताना प्रवासाचे बूट पायात घालूनच जावं आणि कड तिथेच मापून घ्यावी.

बुटांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सफर बिघडते ती पायांमुळे. आपली पन्नाशी-साठीची माणसं जन्मभर चपलेत चाललेली असतात. त्यांचा पाय पुढे पसरलेला असतो, बोटं मोकळी असतात. असा पाय एकदम बंद बुटात घातला की दुसऱ्या दिवशी करंगळीला फोड आलाच म्हणून समजा. रोम, प्राग, ग्रॅनाडा या जुन्या शहरांत रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत आणि बस प्रेक्षणीय जागेपासून लांब उभी राहते. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. म्हणून बूट महिनाभर आधी घ्यावेत, संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. जाड मोजे घालून मापावेत आणि पुढून रुंद असलेलेच निवडावेत. मग रोज अर्धा तास ते घालून चालावं. त्यासाठी गोदावरीच्या घाटाच्या दगडी पायऱ्यांपेक्षा चांगली जागा नाही. घाटावर जो बूट चावला नाही तो रोममध्येही चावणार नाही. नाडीऐवजी चेन किंवा सरकवून घालायचा बूट बरा, कारण आपल्याला तो नमाजसाठी दिवसातून अनेकदा काढायचा असतो.

आता वुजूचं. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहात वॉश-बेसिनवर पाय उचलून धुणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, घसरून पडायची भीती असते, आणि भिजलेला पाय थंडीत मोज्यात कोंबला की दिवसभर गारठतो. शरीअतने याची सोय फार आधी करून ठेवली आहे, ती म्हणजे खुफ्फैन, घोटे झाकणारे चामड्याचे मोजे. पूर्ण वुजू करून ते घातले की पुढच्या वुजूत पाय न धुता त्यांवर ओला हात फिरवून मसह करता येतो. मुदत मुकीमला एक दिवस-रात्र, मुसाफिरला तीन दिवस-रात्री, आणि ती मोजायची घातल्यानंतर पहिल्यांदा वुजू तुटल्यापासून. टूरवाले सहसा मुसाफिर असतात. पण मुलाकडे दोन महिने राहायला गेलेले अम्मी-अब्बा मुकीम ठरतात, त्यांना 24 तासच. बाजारातले सुती किंवा नायलॉनचे पातळ मोजे हनफी मसलकप्रमाणे मसहला चालत नाहीत, हे लक्षात ठेवावं. बाकी तपशील आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. बूट मापतानाच आत खुफ्फैन घालून पाहावेत, नाहीतर तिथे गेल्यावर दोन्ही एकत्र पायात जात नाहीत.

सोबत रबरी चप्पल हवी. हॉटेलात ती मिळेलच असं नाही आणि बाथरूममध्ये पाण्याची तोटी नसते, म्हणून एक छोटा प्लास्टिकचा लोटाही. घडी होणारी पातळ जानमाज आणि होकायंत्र घ्यावं, कारण इथे आपण पश्चिमेला तोंड करतो, पॅरिसमध्ये किब्ला आग्नेयेला आहे. तिथे एप्रिलअखेर मगरिब रात्री नऊच्या सुमारास होते. संध्याकाळी फिरून लवकर परतू या हिशोबाने स्वेटर हॉटेलात ठेवून जाऊ नये.

ज्या घरात अम्मी किंवा सासूबाई चेहऱ्यावर नकाब घेतात, तिथे तिकीट काढण्याआधी एक गोष्ट बोलून घ्यायला हवी. फ्रान्समध्ये 11 एप्रिल 2011 पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आहे, दंड 150 युरोपर्यंत. बेल्जियममध्येही 2011 पासून, ऑस्ट्रियात 2017, डेन्मार्कमध्ये 2018 आणि स्वित्झर्लंडमध्ये 1 जानेवारी 2025 पासून अशी बंदी आहे. नेदरलँड्समध्ये 2019 पासून बस-रेल्वे, शाळा, दवाखाने आणि सरकारी कार्यालयांत ती लागू आहे, रस्त्यावर नाही. म्हणजे पॅरिस आणि स्वित्झर्लंड दाखवणारी नेहमीची टूर दोन्ही ठिकाणी या कायद्यात सापडते. आमच्या मते हा कायदा अन्यायाचा आहे, पण दंडाची पावती आमचं मत विचारत नाही. चाळीस वर्षं नकाब घेतलेल्या बाईला विमानतळावर उतरल्यावर ‘आता हे काढा’ म्हणणं हे त्याहून वाईट. तिला घरीच, निवांत सांगावं, विचारावं, आणि ती नको म्हणाली तर प्रवासाचा मार्ग बदलावा. नियम बदलत असतात, म्हणून ज्या ज्या देशात जायचं त्याचा ताजा नियम वाचून घ्यावा. हिजाबला, म्हणजे केस झाकणाऱ्या ओढणीला, यांपैकी कुठल्याही देशात रस्त्यावर बंदी नाही. व्हिसाच्या फोटोतही धर्माच्या कारणाने डोकं झाकलेलं चालतं. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसला पाहिजे, इतकंच.

तरुण मुली-सुना याउलट विचारतात, ‘तिकडे सलवार-कमीजमध्ये गावठी दिसू का?’ पॅरिस, ब्रुसेल्स, बर्लिनच्या बाजारांत हिजाब घातलेल्या बायका पावलोपावली भेटतात. रोमला व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चमध्ये तर खांदे आणि गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिथे उघड्या कपड्यांतले पर्यटक दारापाशी ओढण्या विकत घेत असतात आणि आपल्या मुली सरळ आत जातात. शिवाय कापडाच्या बाबतीत आपण त्या बाजूला लाजावं असं काही नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-ग्रंथात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड, मलमल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदराला जात आणि तिथून जहाजाने रोमन मुलखाकडे. मुलाच्या घरमालकिणीला भेट न्यायची असेल, तर औरंगाबादी हिमरू शाल न्यावी. वजनाला हलकी असते आणि दिली जाईपर्यंत अम्मींच्या खांद्यावर कामाला येते.

वजनावरून आठवलं, बहुतेक विमानांत मोठ्या बॅगेला 23 किलोच्या आसपास मर्यादा असते. स्वेटरांच्या घडीत मटणाचं लोणचं आणि खव्याचे पेढे दडवून नेण्याचा मोह होतो, पण युरोपियन संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ते सापडले तर फेकले जातात. सगळ्यात जड बूट आणि जाकीट बॅगेत न घालता अंगावर घालून विमानात बसावं, म्हणजे दोन किलो वाचतात. मुंबईपर्यंत मात्र जाकीट हातावरच असू द्यावं. एप्रिलच्या दुपारी पैठणच्या बसस्थानकावर ते अंगात घालून उभ्या राहिलेल्या माणसाला लोक आधी डॉक्टरकडे नेतील.