४८ के-मधलं पोलाद

पाहुणे आले की नगरकर त्यांना चांदबीबीचा महाल दाखवतात आणि मग १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय. तिथल्या चर्चिल किंवा व्हॅलेंटाइनपुढे उभं राहिलं की इंजिन कायमचं बंद असूनही पोलादाचं वजन छातीला जाणवतं. हेच वजन टीव्हीच्या पडद्यावर, तेही ४८ किलोबाइटांत कसं उतरवायचं, हा प्रश्न १९८८ साली मँचेस्टरच्या ‘ओशन सॉफ्टवेअर’ या खेळ बनवणाऱ्या कंपनीपुढे होता. खेळ ‘रोबोकॉप’. यंत्र सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम.

मूळ चित्रपट १९८७चा, पॉल व्हर्होवनचा. डेट्रॉइटमधला पोलीस मर्फी गुंडांच्या गोळ्यांनी मरतो आणि पोलीस खातंच चालवायला घेतलेली एक कंपनी त्याच्या देहातून यंत्रमानव घडवते. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच ओशनने खेळाचे हक्क घेतले होते. आर्केडमधल्या नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी त्यांनीच ते पुढे जपानच्या ‘डेटा ईस्ट’ला दिले. एरवी आधी आर्केड आणि मग घरचा संगणक असा क्रम असे. इथे धाकट्याने थोरल्याला वाट दिली.

भारतात स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवाना घेऊन बनत असे. त्याचे खेळ कॅसेटवर असत. ज्या टेपरेकॉर्डरवर भजनं आणि वगनाट्यं वाजायची, त्यालाच वायर जोडायची. किरकिर आवाज सुरू होई, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावू लागत आणि पाचेक मिनिटं कुणी हलायचं नाही. हेडवर धूळ असली तर कापूस आणि स्पिरिट, हेड तिरकं असलं तर बारीक स्क्रूड्रायव्हर. मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून, कारण वीज गेल्यावर त्या मेमरीत काहीच टिकत नसे.

४८ के म्हणजे किती? पडद्यावरचं एक पूर्ण चित्रच ६,९१२ बाइट खाई. आजच्या संगणकावर हा लेख साठवला तर साधारण तेवढीच जागा लागेल. उरलेल्या जागेत रस्ते, गुंड, गोळ्या, आवाज सगळं कोंबायचं. त्यात आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग चालत. हिरवा गुंड निळ्या भिंतीपुढून गेला तर भिंतीचाही तुकडा हिरवा व्हायचा. म्हणून अनेक जण खेळाचं मैदान एकरंगी ठेवत, आणि ‘रोबोकॉप’ही त्याच वाटेने गेला. मला ते उणं वाटत नाही. एकाच रंगाने कोरलेल्या त्या शहरात पोलादी देह अधिकच एकटा दिसतो.

चित्रपटात रोबोकॉप साकारणाऱ्या पीटर वेलरची चाल मूकाभिनयाचे शिक्षक मोनी याकिम यांच्या मदतीने बसवलेली होती. खेळाकडे तेवढे ठिपके नव्हते, पण मूळ गोष्ट त्याने ओळखली होती. हा नायक जड पावलं टाकत जातो, खिडक्यांतून गोळ्या येतात, आणि चपळाईपेक्षा नेम मोलाचा ठरतो.

खेळात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र गोळीबार नव्हे. मध्येच एक टप्पा येतो: वेळ संपायच्या आत नाक, डोळे, हनुवटी जुळवून गुन्हेगाराचा चेहरा तयार करायचा. चित्रपटात या शोधाला फार मोठी जागा आहे. रोबोकॉप पोलिसांच्या नोंदींमध्ये एका गुंडाचा माग काढत जातो, त्याच्या टोळीपर्यंत पोहोचतो, आणि त्या टोळीने मारलेल्या पोलिसाच्या जागी त्याला मर्फीचं नाव आणि चेहरा दिसतो. तो चेहरा त्याचा स्वतःचाच असतो.

जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर हा टप्पा मी आजही खेळतो. नाक जुळतं, हनुवटी जुळते, गुन्हेगार सापडतो. घड्याळ थांबतं आणि पुढचा रस्ता उघडतो. मर्फीची नोंद तिथे कधीच येत नाही.