होईल, पण केव्हा होईल?

मंडळी, तुम्हांस आता अक्षर लागते. सातबारा वाचता, बसवरची पाटी वाचता. पण घरी येणारा प्रत्येक कागद मराठीत नसतो. बँकेचा, विम्याचा, कोर्टाचा कागद कितीदा इंग्रजीत असतो. मोबाईलवरचा निरोपही पुष्कळदा इंग्रजीत येतो. मग आपण पोराला हाक मारतो, "वाच गा बाबू, काय लिहून आहे?" पोरगा वाचतो आणि सांगतो, "पैसे भरायचे आहेत." एवढ्याने भागत नाही. कोणी भरायचे, केव्हा भरायचे, हे नेमके कळले पाहिजे. ते सांगणारे शब्द फार लहान असतात. त्यांचीच ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

आधी आपल्याच भाषेपासून सुरुवात करू. 'देतो' हे आत्ताचे. 'दिले' हे झालेले. 'देईन' हे पुढचे. या पुढच्याला भविष्यकाळ म्हणतात. आपल्या भंडाऱ्याकडे बोलताना आपण 'तो देईन' म्हणतो, 'पाऊस येईन' म्हणतो. त्यात वावगे काही नाही, ती आपल्या बापजाद्यांची बोली आहे. पण कागदावरच्या मराठीत 'देईन' म्हणजे 'मी देईन' आणि 'देईल' म्हणजे 'तो देईल'. 'न' आणि 'ल' या एका अक्षरात सारा व्यवहार फिरतो. समजा, बैलजोडीच्या कागदावर लिहिले आहे, 'उरलेले पैसे पोळ्यापर्यंत देईन.' त्यात 'मी' नाही, 'तो' नाही. आपल्या बोलीप्रमाणे वाचले तर वाटेल, समोरचा देणार आहे. आणि खाली सही तर तुमची! कागद म्हणतो, पैसे तुम्ही द्यायचे. म्हणून 'देईन' दिसले की खाली सही कोणाची आहे ते बघावे, आणि सही करण्याआधी 'मी' की 'तो' हे लिहून घ्यावे.

इंग्रजीत क्रियापद असे बदलत नाही. 'पे' म्हणजे देणे. त्याच्या आधी 'विल' हा शब्द ठेवला की भविष्यकाळ झाला. 'आय विल पे' म्हणजे मी देईन. 'ही विल पे' म्हणजे तो देईल. 'विल पे' दोन्हीकडे तेच. तेव्हा देणारा कोण, हे 'विल'च्या आधी शोधायचे.

आणखी एक फरक आहे. आपले 'पर्यंत', 'नंतर', 'पासून', 'कडून' हे शब्द नावाला मागून चिकटतात. मराठी व्याकरणात त्यांना शब्दयोगी अव्यये म्हणतात. इंग्रजीत असे शब्द नावाच्या पुढे उभे राहतात. आपण 'सोमवारनंतर' म्हणतो, ते 'आफ्टर मंडे' म्हणतात. हा लहान शब्द चुकला की तारीख चुकते.

त्यांतला सर्वांत फसवा शब्द 'बाय'. एक वाक्य पाहा : 'द अमाउंट विल बी पेड बाय द फार्मर बाय मंडे.' यात 'बाय' दोनदा आला. पहिल्या 'बाय'नंतर माणूस आहे, फार्मर म्हणजे शेतकरी. म्हणून तेथे अर्थ होतो 'शेतकऱ्याकडून'. दुसऱ्या 'बाय'नंतर वार आहे. म्हणून तेथे अर्थ होतो 'सोमवारपर्यंत'. सारे वाक्य असे झाले : रक्कम शेतकऱ्याकडून सोमवारपर्यंत दिली जाईल. येथे 'विल'च्या आधी माणूस नाही, रक्कम आहे. 'विल बी' आले की असे होते. मग देणारा कोण, हे 'बाय'च्या मागून शोधावे लागते. पुष्कळ कागदांत तो पहिला 'बाय' गाळलेलाच असतो. नुसते 'रक्कम सोमवारपर्यंत दिली जाईल' असे लिहितात. अशा वेळी "कोणाकडून?" हे विचारल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये.

आता आपला 'पर्यंत' पाहा. त्याच्या पोटात दोन अर्थ आहेत. 'सोमवारपर्यंत पैसे भरा' म्हटले की शनिवारी भरले तरी चालतात, रविवारी ऑनलाइन भरले तरी चालतात. एकदा भरले की काम संपले. पण 'सोमवारपर्यंत रस्ता बंद राहील' म्हटले की रस्ता रोज बंद आहे, सोमवार येईपर्यंत सारखा बंद. आपण दोन्हीकडे 'पर्यंत'च वापरतो आणि पुढच्या क्रियापदावरून अर्थ ओळखतो. भरणे, देणे, पोचणे ही एकदा होऊन संपणारी कामे. राहणे, थांबणे ही चालत राहणारी. इंग्रजीने यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. एकदाच्या कामाला 'बाय', चालू राहणाऱ्या कामाला 'टिल' किंवा 'अंटिल'. 'द रोड विल बी क्लोज्ड अंटिल मंडे' म्हणजे रस्ता सोमवारपर्यंत बंद राहील. मग सोमवारी रस्ता खुला की नाही? हे मराठी वाक्यही स्पष्ट सांगत नाही आणि इंग्रजीही सांगत नाही. ते विचारूनच घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

'इन' हा शब्द शाळेतली पोरे 'मध्ये' असा शिकतात. 'इन द हाउस' म्हणजे घरात. ते बरोबर आहे. पण भविष्यकाळाशी जोडून वेळ आली की त्याचा अर्थ बदलतो. 'द डॉक्टर विल कम इन टू डेज' याचा अर्थ डॉक्टर दोन दिवसांनी येतील. आज वाट पाहण्यात अर्थ नाही. क्रियापद झालेल्या काळाचे असेल तर तोच 'इन' वेगळे सांगतो. गवंड्याने भिंत 'इन टू डेज' बांधली, म्हणजे दोन दिवसांत बांधली, दोन दिवस लागले. आणि गवंडी 'भिंत इन टू डेज बांधीन' म्हणाला तर? उद्या हात घालून परवा संपवील, की परवा यायचाच आहे? दोन्ही अर्थ निघतात. अशा ठिकाणी तारीखच लिहून घेतलेली बरी.

मुदतीच्या कागदावर बहुधा 'इन' नसतो, 'विदिन' असतो. 'विदिन' म्हणजे 'च्या आत'. 'विदिन थर्टी डेज' म्हणजे ३० दिवसांच्या आत, केव्हाही, पण तिसावा दिवस उलटू द्यायचा नाही. ऐकायला 'इन' आणि 'विदिन' सारखे वाटतात. पण 'इन' पाहून 'महिन्याने बघू' म्हणता येईल, 'विदिन' पाहून म्हणता येणार नाही. २०१६ साली पीक विम्याची नवी योजना आली. तिच्यात शेतात पाणी साचून नुकसान झाले तर ४८ तासांच्या आत कळवावे, असा नियम सुरुवातीला ठेवला होता. ४८ तास म्हणजे पुरे दोन दिवस. धानाच्या बांधीतले पाणी उतरेपर्यंत तेवढे सहज निघून जातात.

या शब्दांची किंमत आपल्या भागाला ठाऊक आहे. गोसेखुर्द धरण आपल्याच पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधले. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. जमिनी घेण्यासाठी त्या काळी १८९४ सालचा भूसंपादन कायदा लागू होता. तो मूळ इंग्रजीत. त्यात एरवी हरकत घेण्यास अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांची मुदत होती. पुढे मोबदला ठरल्यावर तो कमी वाटला तर कोर्टाकडे प्रकरण पाठवा, असा अर्ज करता येई. निवाड्याच्या वेळी जो हजर असे, त्याला निवाड्यापासून सहा आठवडे मिळत. जो हजर नसे, त्याला नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल ते. हे 'जे आधी संपेल ते' नीट वाचले पाहिजे. नुसते 'सहा महिने' एवढे ध्यानात ठेवून जो बसे, त्याचे सहा आठवडे नोटीस हातात पडल्या दिवसापासून सरत असत. मुदत गेली की वाढीव मोबदला मागण्याची ती वाट बंद. २०१३ साली नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. जुना कायदा गेला, पण मुदतीचे शब्द सगळ्याच कायद्यांत असतात.

कायद्याच्या इंग्रजीत 'विल'च्या जागी बहुधा 'शॅल' दिसतो. शाळेत आम्ही मुलांना 'शॅल' हा भविष्यकाळ म्हणून शिकवत असू. कायद्यात मात्र 'शॅल' म्हणजे नुसते 'करील' नव्हे, 'केलेच पाहिजे'. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. त्यात सरकारी कचेरीने अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत उत्तर द्यायचे, ते याच 'शॅल'ने बांधलेले आहे. म्हणजे मुदत जशी आपल्याला असते तशी कचेरीलाही असते. आपण अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि दिवस मोजावेत.

दिवस मोजायचे ते कोठून? 'फ्रॉम' म्हणजे 'पासून'. त्याच्यापुढे काय लिहिले आहे ते पाहावे. नोटिशीच्या तारखेपासून की नोटीस मिळाल्यापासून? टपाल आठ दिवस उशिरा आले, तर या दोहोंत आठ दिवसांचा फरक पडतो. म्हणून लखोटा चुलीत घालू नये. त्यावर टपालाचा शिक्का असतो. कागद हातात पडला ती तारीखही त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. बँकेच्या निरोपात मात्र 'फ्रॉम युवर अकाउंट' असते, तेथे वेळेचा काही संबंध नाही. ते 'तुमच्या खात्यातून'. 'विल बी डेबिटेड' म्हणजे वजा होतील, 'विल बी क्रेडिटेड' म्हणजे जमा होतील. 'ऑन' आले तर त्याच तारखेला. मग आदल्या दिवशी खात्यात पैसे हवेत.

आता घरातल्या शिकत्या पोराला किंवा पोरीला जवळ बसवा आणि ही तीन वाक्ये वाचून घ्या. प्रत्येकात कोण, काय आणि केव्हा, हे तुम्ही मराठीत सांगा.

द सोसायटी विल पे द फार्मर विदिन टेन डेज.

द ऑफिस विल बी क्लोज्ड टिल फ्रायडे.

द लोन विल बी पेड बाय द सन बाय मार्च.