निद्रा आणि नवा उत्साह

परीक्षा जवळ आली म्हणजे कित्येक विद्यार्थी मध्यरात्रीपर्यंत जागतात आणि सकाळीं वर्गांत पेंगतात. हा व्यवहार आम्हांस तोट्याचा वाटतो. दिवसा शिकलेलें मनांत पक्कें होण्यास निद्रेचें साह्य लागतें. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ती रोज ८ ते १० तास हवी. आपल्या देहांत जणूं एक घड्याळ आहे. त्याची यंत्ररचना उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सकाळच्या उजेडानें तें बरोबर चालतें. रात्रीच्या प्रखर दिव्यानें मागें पडतें. म्हणून पालकांनीं घरांतील दिवे वेळेवर मालवावे, आणि मुलांनीं उठतांच थोडा वेळ मोकळ्या उजेडांत शांतपणें फिरावें. देह असा विसावला म्हणजे चित्त प्रसन्न होतें. मग तें प्रार्थनेंत रमतें आणि अभ्यासांतही.