पोपट घरच्यांनाच का चावतो?

कालपर्यंत मिठू मिठू करणारा पोपट एक दिवस लहान पोराचे बोट धरतो, रक्त काढतो आणि घरात भांडण उभे राहते. आजी म्हणते, सोडून द्या त्याला. पोरे रडतात. कुणीतरी चिडून पिंजऱ्यावर चप्पल आपटतो. चप्पल आपटून पोपट सुधारत नाही, आणखी चावरा होतो.

मुळात घरात पोपट कोणता आहे, ते पाहू. अमरावती-अकोल्याकडे ओसरीला टांगलेला पोपट बहुधा आपला रानातलाच हिरवा राघू असतो. लाल चोच, नराच्या मानेला गुलाबी कंठ. ज्वारीत दाणा भरला की ज्याचे थवे कणसांवर उतरतात आणि ज्याच्यासाठी गोफण घेऊन मचाणावर बसावे लागते, तोच हा. वाचकहो, हा पोपट पाळणे गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातले पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे, सगळ्याला बंदी आहे आणि त्यात तुरुंग व दंड दोन्हींची तरतूद आहे. हिवाळा सरता सरता झाडांच्या ढोलीतून पिसे न फुटलेली पिल्ले ओढून काढतात. विकली जाईपर्यंत त्यातली कितीतरी मरतात. जे जगते, त्याला माणसाच्या हाताची पहिली ओळख अशी झालेली असते. मग त्या हाताला ते चावले तर नवल कसले? रस्त्यावर चिठ्ठ्या उचलून भविष्य सांगणारा पोपटही असाच पकडून आणलेला. त्याला स्वतःचे उद्या काय ते ठाऊक नाही, तो आपले काय सांगणार!

असा पोपट घरी असेल तर पिंजऱ्याचे दार उघडून त्याला उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला दाणा शोधता येत नाही, पंखात बळ नसते, पहिल्याच दिवशी मांजर धरते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि पोपट त्यांच्या हवाली करा.

कायद्याने घरी ठेवता येतात ते परदेशी पक्षी. बाजारात ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते बहुतेक ऑस्ट्रेलियाचे बजरीगर असतात. तुरेवाला कॉकटील, ज्याला दुकानदार ‘कॉकटेल’ म्हणतात, तोही तिकडचाच. पुढचे सारे अशा पक्ष्यांसाठी आहे.

चोच हा पोपटाचा तिसरा पाय आहे. चढताना तो चोचीने धरतो, नवी वस्तू चोचीनेच चाचपून पाहतो. बोटावर यायच्या आधी चोच टेकवली तर तो चावा नव्हे, फांदी पक्की आहे का याची ती खात्री असते. आपण दचकून हात ओढतो तिथे बिघडते. चावले की हात जातो, हे तो एका दिवसात शिकतो.

खरा चावा सहसा सांगून येतो. पक्षी अंग आक्रसतो, मागे सरकतो, चोच उघडतो, पिसे फुलवतो. कॉकटील तुरा मागे चपटा करून फुसकारतो. एवढे दिसले की हात तिथेच थांबवावा. वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटतो, म्हणून हात नेहमी समोरून, त्याच्या छातीच्या खाली न्यावा.

शिकवायचे ते थोडे थोडे. पहिले काही दिवस पिंजऱ्याजवळ बसून नुसते बोलावे. मग राळ्याचे किंवा बाजरीचे कणीस जाळीतून धरावे. तो भीती न बाळगता खाऊ लागला की दार उघडून हातातून द्यावे. नंतर एक सरळ काडी पोटापाशी धरावी, वर चढला की दाणा. काडी जमली की तिच्याऐवजी बोट. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे पुरे. चावलाच तर ओरडू नये, चोचीवर टिचकी मारू नये, तोंडावर फुंकरही नको. त्याला हळूच खाली ठेवून मिनिटभर पाठ फिरवावी. ओरडणे हा त्याला खेळ वाटतो.

घरात एकाच्याच खांद्यावर बसतो आणि बाकीच्यांना चावतो, ही तक्रार फार. पोपटाची जात एकाशी जोडी बांधणारी आहे. जो लाडका, त्याने काही दिवस मागे राहावे आणि आवडीचा दाणा इतरांच्या हातून मिळावा. मुख्य म्हणजे घरात सर्वांचा नियम एक हवा. आईने समजावून दाणा द्यायचा आणि पोराने जाळीतून काडी टोचायची, असे चालले तर वर्षभरातही काही होणार नाही. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाने मोठे माणूस जवळ असतानाच हात लावावा आणि पक्षी तोंडाजवळ मुळीच धरू नये.

आपल्याकडचे ऊनही विसरू नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली तर भट्टीच. तापलेला, झोप न झालेला पक्षी चिडचिडा होतो. पिंजरा सावलीत, भिंतीला लागून ठेवा, पाणी दिवसातून दोनदा बदला, कूलरचा झोत थेट अंगावर नको. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. एकाच खोलीत टीव्ही चालत असेल तर पिंजऱ्यावर सुती ओढणी टाका.

मिरचीने पोपट बोलका होतो म्हणतात, ते खोटे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. चहा, चॉकलेट, खारट शेव मात्र देऊ नये.

चावल्यावर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवावी. खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल सरकारी दवाखान्यात विचारावे. रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, त्याची इथे धास्ती नको. पण घरात पक्षी असताना कुणाला ताप आणि कोरडा खोकला जडला, तर डॉक्टरांना पक्ष्याचे आवर्जून सांगावे. पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. म्हणून पिंजरा झाडण्याआधी पाणी शिंपडावे आणि नाकाला रुमाल बांधावा.