अदमासाची तीस वर्षे

1994 च्या पावसाळ्यात, पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीचा अध्यापक म्हणून रुजू होऊन मला सात-आठ वर्षे झालेली असताना, अकरावीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि विल्यम्स, ॲम्हर्स्ट, स्वार्थमोर अशी, तोवर मी ग्रंथांच्या मलपृष्ठांवरील लेखकपरिचयातच वाचलेली नावे उच्चारून तिने विचारले, “सर, इथे मला प्रवेश मिळण्याचा संभव किती?” त्या एका प्रश्नाचे उत्तर, दरवर्षी निराळ्या विद्यार्थ्याला, मी पुढली तीस वर्षे देत आलो. निवृत्तीनंतर आता जुनी दप्तरे चाळताना, आपण दिलेल्या उत्तरांतली किती खरी ठरली आणि ज्या आधारावर ती दिली तो आधार कितपत भक्कम होता, याची रुजुवात करावी असे मनात आले.

अमेरिकेतील ही महाविद्यालये आपल्या ओळखीच्या महाविद्यालयांहून वेगळी. ती कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नसतात, पदवी स्वतःच देतात, आणि त्यांचे सारे लक्ष पदवीच्या चार वर्षांवर एकवटलेले असते. विद्यार्थी पहिली दोन वर्षे तत्त्वज्ञान, गणित, संगीत, जीवशास्त्र यांत मनमुराद हिंडतो आणि मग आपला मुख्य विषय मुक्रर करतो. विल्यम्सची स्थापना 1793 ची, ॲम्हर्स्टची 1821 ची, क्वेकर पंथीयांनी काढलेले स्वार्थमोर 1864 चे. विल्यम्सच्या एका वर्षाच्या वर्गात आजही सुमारे 550 विद्यार्थी असतात. इतक्या लहान वर्गात शिकण्याचे भाग्य आपल्या मुलांना लाभावे, ही माझी तळमळ तेव्हा होती आणि आजही तसूभर उणावलेली नाही.

त्या काळी माझा अदमास बांधण्याचा शिरस्ता सरळ होता. मुंबईस जाऊन, तिथल्या ग्रंथालयातील जाडजूड मार्गदर्शिकेतून प्रत्येक महाविद्यालयाकडे आलेले अर्ज व दिलेले प्रवेश यांचे आकडे वहीत उतरवून घ्यायचे, तिकडच्या प्रवेशांसाठीच्या एसएटी परीक्षेच्या गुणांची तिथे दिलेली मर्यादा पाहायची आणि आपल्या विद्यार्थ्याचे गुण तिच्यात बसतात की नाही ते ताडायचे. 1926 साली सुरू झालेली ती परीक्षा म्हणजे अढळ मोजपट्टी असा माझा समज होता. पण 1995 मध्ये तिचे गुणांकन नव्याने बेतले गेले आणि त्याच उत्तरपत्रिकेला पूर्वीपेक्षा अधिक गुण पडू लागले, 2005 मध्ये 1600 गुणांची परीक्षा 2400 ची झाली आणि 2016 मध्ये पुन्हा 1600 वर आली, त्यामुळे माझ्या वहीतले जुने रकाने दर काही वर्षांनी निरुपयोगी होत गेले. बोडन महाविद्यालयाने तर 1969 सालीच हे गुण कळवण्याची सक्ती काढून टाकली होती, आणि 2020 च्या महामारीत बहुतेकांनी तोच मार्ग धरला.

परंतु माझी खरी चूक मोजपट्टीची नव्हती. ती पहिली विद्यार्थिनी साताऱ्याकडील एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी होती. गुण उत्तम, निबंध असा की वाचून मी काही वेळ निःशब्द झालो, आणि खर्चाचा जवळजवळ संपूर्ण भार महाविद्यालयाने उचलावा ही अपरिहार्य विनंती अर्जासोबत जोडलेली. मार्गदर्शिकेत ज्यांचा आकडा चारांत एक असा दिसत होता अशा तीन ठिकाणी तिने अर्ज केला आणि मी तिच्या वडिलांना, मोठ्या विश्वासाने, एक तरी दार उघडेल असे सांगितले. तिन्ही ठिकाणांहून नकार आला. एका पत्रात, परदेशी विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी राखलेला निधी अत्यंत मर्यादित असल्याचे सौजन्यपूर्वक नमूद केले होते. त्या वाक्याचा पुरता अर्थ मला उमगायला आणखी दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत मी आणखी काही घरांना तोच चुकीचा दिलासा दिला, याची खंत मला आहे.

तो अर्थ असा. अमेरिकन नागरिकांच्या बाबतीत यांतली अनेक धनाढ्य महाविद्यालये अर्जदाराची सांपत्तिक स्थिती न पाहता निर्णय करतात. यालाच तिकडे नीड-ब्लाइंड म्हणतात. परदेशी अर्जदारांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी एक ठरावीक रक्कम काढून ठेवलेली असते, आणि ती संपत आली की दोन तुल्यबळ अर्जांतला खर्च झेपणारा अर्ज आत जातो, दुसरा बाहेर राहतो. म्हणजे छापील टक्क्यात ज्यांचा ज्यांचा समावेश होता, त्यांत साताऱ्याच्या त्या मुलीसारखे अर्जदार नाममात्रच होते. तिचा टक्का त्या पुस्तकात कुठे छापलेलाच नव्हता. ॲम्हर्स्टने 2008 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांनाही गरजनिरपेक्ष धोरण लागू केले. विल्यम्सने ते काही काळ पाळले, पण आर्थिक मंदीनंतर मागे घेतले. बोडनने 2022 मध्ये ते स्वीकारले. ते स्वीकारण्याच्या निर्णयांचे मोल मी फार मोठे मानतो. तरीही निरपेक्ष धोरण म्हणजे सुलभ प्रवेश असे समजू नये, कारण जगभरचे गरजू आणि गुणी विद्यार्थी साहजिकच तिथेच लोटतात.

निधीचा हा प्रभाव मला घराजवळही दिसला. आपल्या मुळशीच्या डोंगरात 1997 साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज ही आंतरराष्ट्रीय निवासी संस्था उघडली. पुढे 2000 पासून डेव्हिस शिष्यवृत्तीची योजना आली, जिच्यातून युनायटेड वर्ल्ड कॉलेजांचे विद्यार्थी घेणाऱ्या अमेरिकन महाविद्यालयांना त्या विद्यार्थ्यांच्या साहाय्यापोटी निधी मिळू लागला; आरंभीच्या पाच संस्थांत वेलस्ली, मिडलबरी आणि कोल्बी होती. मग मला स्पष्ट दिसू लागले की सारख्याच बुद्धीच्या दोन मुलांपैकी एक मुळशीत शिकतो आणि दुसरा कोल्हापुरात, एवढ्याने त्यांचे संभव कमालीचे भिन्न होतात.

जागांची वाटणीही बाहेरून दिसते तशी नसते. वर्गाचा मोठा हिस्सा बांधील मुदतपूर्व अर्जांतून, डिसेंबरातच, भरला जातो. खेळाडूंचा हिस्सा लहान महाविद्यालयात प्रमाणाने फार मोठा असतो, कारण संघ तेवढेच आणि विद्यार्थी थोडे. हार्टफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने 1998 ते 2012 या काळात स्क्वॉशचे 252 सामने सलग जिंकले, त्या संघांत भारतातून गेलेली मुलेही होती. उरलेल्या जागांसाठी जो मार्चअखेर वाट पाहतो, त्याने एकंदर टक्क्यावर भरवसा ठेवणे म्हणजे सबंध धरणाचा साठा पाहून आपल्या पाटाला किती पाणी येईल ते ठरवण्यासारखे आहे.

तो एकंदर टक्काही या काळात फार घसरला. शतकाच्या आरंभी ॲम्हर्स्टला साधारण पाचांतल्या एकाला प्रवेश मिळे. आता दहांतल्या एकालाही मिळत नाही. मुले एकाएकी दुप्पट हुशार झाली असे मात्र नाही. 1975 मध्ये 15 महाविद्यालयांनी सुरू केलेला सामाईक अर्ज 1998 पासून संगणकावर भरता येऊ लागला आणि एकच विद्यार्थी पूर्वीपेक्षा अधिक अर्ज धाडू लागला. जागा होत्या तेवढ्याच राहिल्या. हा घसरलेला आकडा पाहून खचणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगत आलो.

ती साताऱ्याची मुलगी पुण्यातच भौतिकशास्त्राची पदवीधर झाली आणि आज स्वतः शिकवते. गेल्या वर्षी तिने आपल्या एका विद्यार्थ्याला माझ्याकडे पाठवले, तोच प्रश्न घेऊन. मी त्याचे गुण विचारले नाहीत. घरून दरसाल किती रक्कम देता येईल ते विचारले, आणि मग त्याच्यासोबत बसून एकेका महाविद्यालयाचा ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा वार्षिक तक्ता उघडला. माझ्या वाचकांत ज्यांच्या घरी असा विद्यार्थी असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या तक्त्यातले ‘एच 6’ हे कलम सर्वांआधी पाहावे: परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना साहाय्य दिले आणि एकूण किती रक्कम दिली, हे तिथे लिहिलेले असते.