एक पट्टी, चार घड्या आणि मोबाइलचं स्टँड!

दोस्तांनो, एक पोस्टकार्ड टेबलावर उभं करून बघा. पडलं ना? आता तेच मधोमध दुमडून छपरासारखं ठेवा. आता कसं ऐटीत उभं राहतं! कार्ड तेच, वजनही तेच. मग बदललं काय? फक्त एक घडी! टेबलावरचं कॅलेंडर, दुकानातल्या काउंटरवरची पाटी, फोटोचं स्टँड, ही सगळी या घडीचीच करामत.

पण जाड पुठ्ठा नुसता हातानं दुमडला, की घडी वाकडीतिकडी येते. म्हणून आधी घडीच्या जागी दाब देऊन रेघ पाडतात. त्या रेघेवर पुठ्ठा मुद्दाम कमकुवत केलेला असतो. तो वाकतो, पण तिथंच, आपण सांगू तिथंच!

अशी रेघ पाडणं आणि पुठ्ठा कापणं ही दोन्ही कामं एका दमात करण्याची युक्ती १८७९ मध्ये सापडली, तीही अपघातानं! अमेरिकेत रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियाण्यांच्या पिशव्या बनत होत्या. यंत्रातली घडी पाडणारी पट्टी सरकली आणि तिनं पिशव्या चक्क कापल्या. दुसरा कोणी कपाळावर हात मारून बसला असता. गेअर यांच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. सपाट रचून ठेवता येणारी, हवी तेव्हा उभी करता येणारी खोकी त्यातूनच झपाट्यानं तयार होऊ लागली.

चला, आता आपण मोबाइलचं स्टँड बनवू या. डिंक नको, टाचण्या नकोत!

साडीच्या किंवा शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. तो आधी उभा आणि मग आडवा, हलकेच वाकवून बघा. एका दिशेनं सहज वाकतो, दुसऱ्या दिशेनं कुरकुरतो. कारण कागदातले बहुतेक तंतू एकाच दिशेला पसरलेले असतात. पट्टी अशी कापा, की ती लांबीच्या दिशेनं वाकायला कुरकुरेल. म्हणजे मोबाइलच्या भारानं स्टँडची पाठ वाकणार नाही.

पट्टी साडेबत्तीस सेंटिमीटर लांब, आठ सेंटिमीटर रुंद हवी. एका टोकापासून २, ११, २१ आणि ३१ सेंटिमीटरवर आडव्या रेघा आखा. खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, पट्टी धरा आणि शाई संपलेल्या बॉलपेननं रेघांवर दाबून फिरवा. शेवटच्या दीड सेंटिमीटरच्या भागातून दोन्ही कडांचे दोन-दोन सेंटिमीटर कापून टाका. उरली चार सेंटिमीटर रुंद जीभ. आता पहिल्या टोकापासून ४ सेंटिमीटरवर, मधोमध, जीभ जेमतेम आत जाईल एवढी आडवी चीर पाडायची. ब्लेडचं हे काम आई-बाबांनी किंवा ताई-दादानं करावं!

सगळ्या घड्या रेघांच्या उलट बाजूला घाला. दोन सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे मोबाइल अडवणारा पुढचा कठडा. नऊचा भाग तळ. दहाचे दोन भाग मागची आणि पुढची भिंत. जीभ चिरेतून खाली घाला आणि तळाखाली मागे वळवा. झाला त्रिकोण! वर मोबाइल ठेवलात, की त्याच्याच वजनानं जीभ दाबली जाते.

स्टँड कलंडत का नाही? मोबाइल तिरका टेकला, तरी त्याच्या मध्यापासून टेबलापर्यंत सरळ खाली काढलेली रेघ तळाच्या आतच पडते. ती तळाबाहेर गेली, की स्टँड धाडकन आडवं! खात्री करायची? दुसरं स्टँड करताना तळ नऊऐवजी सहाचा ठेवा, रेघा तीन-तीन सेंटिमीटर अलीकडे घ्या. मग मोबाइलऐवजी वही ठेवून तिला मागे ढकलून बघा. कोणतं स्टँड आधी हार मानतं?

काम झालं, की जीभ सोडवा. पट्टी सपाट होऊन वहीत जाईल. आता विचार करा: चष्म्यासाठी, पोस्टकार्डासाठी, आजोबांच्या पोथीसाठी स्टँड करायचं, तर कोणती घडी सरकवाल?