रंग जागेवरच आहे

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत, पोहण्याच्या तलावाच्या काठावर मिस्त्री उकिडवा बसला आहे. हातात साध्या पाण्याची बाटली. काठच्या काँक्रीटवर ठिकठिकाणी तो थोडं थोडं पाणी सोडतो आणि बघत राहतो. शिडीजवळ पाणी सोडताक्षणी मुरतं. मोठ्या छत्र्यांखाली थेंब तसेच गोल उभे राहतात. "इथं सीलर अजून शिल्लक आहे, तिकडं संपलाय," तो सेक्रेटरींना दाखवतो. "सगळीकडं एकच इलाज चालायचा नाही, साहेब."

काँक्रीट ओलं असताना साचे दाबून दगडी फरशीसारखं छापलेलं आहे. मूळ रंग गेरवा, खाचांतून काळपट छटा. आता त्यावर राखट पांढरेपणा पसरलाय आणि शॉवरच्या कोपऱ्यात पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळं पडलंय. कमिटीतल्या एकाचं म्हणणं, वरून ऑइलपेंट मारा आणि दिवाळीआधी मोकळे व्हा. दुसऱ्यांना सगळं फोडून टाइल्स हव्या आहेत. डोंबिवलीहून आलेला हा मिस्त्री दोघांचंही ऐकून घेतो. "रंग गेलेला नाही, काका. झाकला गेलाय. आधी धुऊन तर बघू."

तो खरं बोलतो आहे. हा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूतही तोच असतो. उन्हानं तो सहजी विटत नाही. विटतो, झिजतो तो वरचा सीलर. मग पाणी आत शिरतं, सिमेंटमधला चुना विरघळवून वर आणतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तो चुना पांढरा होऊन बसतो. भिंतीला लोणा लागतो तसलंच हे. ठाण्यात जून ते सप्टेंबर पाऊस हे काम करतो, एरवी पोहून आलेल्यांच्या अंगावरून निथळणारं पाणी.

मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा प्रेशर वॉशरची गन चालू करतो. "लांब धर! जवळ धरलीस तर खडी उघडी पडेल," मिस्त्री आवाजावर आवाज चढवून ओरडतो. काळं पाणी तलावाकडे न जाता जाळीच्या गटाराकडे वळावं म्हणून काठाला वाळूच्या पिशव्या लावल्या आहेत. गन जिथून फिरते तिथं शेवाळ सुटतं, पण पांढरा थर हलत नाही.

त्याच्यासाठी ॲसिड. आणि इथून मिस्त्रीचा चेहरा बदलतो. स्टीलच्या शिड्यांना प्लास्टिक गुंडाळलेलं आहे, कारण ॲसिडच्या वाफेनं स्टीलवर डाग पडतात. बादलीत आधी वीस मग पाणी, मग त्यात एक मग ॲसिड. हा क्रम उलटा करायचा नाही. पंपरूमच्या दारात क्लोरीनचे कॅन दिसतात, तेव्हा तो हातातलं काम टाकून उठतो आणि वॉचमनला ते आत ठेवून दार लावून घ्यायला सांगतो. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. प्रत्येक सोसायटीच्या पंपरूमबाहेर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं, असं मला फार वाटतं.

काँक्रीट आधी ओलं केलं जातं, म्हणजे ॲसिड आत न शिरता वरच काम करतं. झारीनं शिंपडल्यावर फसफस होते, बारीक फेस येतो. लांब दांड्याचा ब्रश फिरतो, लगेच पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या या भागात इतकं पाणी ओतताना सेक्रेटरींचा जीव वर-खाली होतो. पण इथं हात आखडला तर उरलेलं ॲसिड सीलरला धरू देणार नाही. आणि मग पाण्याखालून तो वर येतो, गेरवा, जवळजवळ पहिल्यासारखा. बाल्कनीतून वाकून बघणारी मुलं टाळ्या वाजवतात.

शिडीजवळ मात्र तसं होत नाही. तिथं वरचा रंगीत थरच पायांनी झिजलाय, बारीक खडी दिसते. "इथं रंग मिसळलेला सीलर लावू. हुबेहूब नाही जमणार, पण डोळ्याला खुपणार नाही," मिस्त्री सांगतो. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

नंतरचे दिवस नुसते वाळवण्याचे. संध्याकाळी प्लास्टिकचा एक चौकोन काँक्रीटवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला जातो. पहिल्या सकाळी तो काढतात, तर खाली दव साचल्यासारखी ओल. काम पुढे ढकललं जातं. ओल कोंडून वर सीलर मारला तर तो दुधाळ पांढरा पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कमिटीत कुरकुर होते. मिस्त्री दिवाळीच्या तारखेपुढेही नमत नाही. त्याचं बरोबर आहे.

आज प्लास्टिकखाली कोरडं आहे. दव उडून गेलंय, ऊन अजून तापलेलं नाही. तापल्या काँक्रीटवर सीलरला बुडबुडे येतात, म्हणून साडेदहापर्यंत पहिला हात उरकायचा. रोलर पातळ थर पसरत जातो, सॉल्व्हंटचा उग्र वास पसरतो, पोरांच्या तोंडाला मास्क आहेत. ओला थर चढेल तसा लाल गडद होतो, खाचा उठून दिसतात.

रोज सकाळी पाण्यात चालायचा व्यायाम करणाऱ्या आजी रेलिंगपाशी येऊन उभ्या राहतात. "दिसायला छान आहे रे. पण ओल्या पायांनी घसरणार नाही ना?"

मिस्त्री त्यांना कोपऱ्यातल्या नमुन्याच्या तुकड्याकडे नेतो. तिथं दोन्ही हात देऊन झालेत, दुसऱ्या हातात बारीक दाणे मिसळलेले. तो त्यावर मगभर पाणी ओततो. आजी चप्पल काढतात, रेलिंग धरून चार पावलं चालतात, पाय दाबून बघतात.

"टोचतंय जरासं."

"तेवढं टोचू द्या, आजी."

"मग शॉवरच्या पायरीवर पण घाल. मागच्या पावसात आमच्यातल्या एकीचं मनगट मोडलंय तिथं."

मिस्त्री पायरी बघून येतो आणि पोराला सांगतो, "दुसऱ्या हाताला पायरीचा माल वेगळा काढ. त्यात दाणे थोडे जास्त टाक."